वाटाड्या तिथेच राहतो : भूमिगत नेत्याच्या मुलाखतीला जाताना

गडचिरोलीत एटापल्ली-भामरागडच्या बाजूला बातमीदारी केलेल्या कोणालाही ही सुरुवात ओळखीची वाटेल. आठवडी बाजारात एक ओळखीचा पोरगा शेजारी येऊन उभा राहतो, खर्रा घोटता घोटता इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो, "आतून निरोप आहे. मोठे दादा भेटतील म्हणतात. येता का?" 'आत' म्हणजे जंगलात आणि 'दादा' म्हणजे दलमचे, माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीचे लोक, हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्याच क्षणी त्याला पहिल्या पानावरची बायलाइनही दिसायला लागते.

त्यानंतर काय करायचं, ते इथे लिहितो आहे. मी स्वतः आत फार गेलो नाही, पण डेस्कवर बसून पाठवलं बऱ्याच जणांना. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. नेत्याला त्याचे बंदूकधारी सांभाळतात. बातमीदाराला, निदान कागदावर, त्याचं दफ्तर सांभाळतं. मोटारसायकलवर बसवून नेणारा पोरगा मात्र मुलाखत छापून आल्यावरही त्याच गावात असतो. पोलिस त्याला विचारतात, तू कोणाला कुठे नेलंस? आतले विचारतात, तुझा पत्रकार येऊन गेला आणि आठवड्यात पोलिस आले, ते कसे? पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याकडे बघून लिहिल्या आहेत.

आधी 'नाही' म्हणून बघा

पहिला प्रश्न : ही मुलाखत कोणाला हवी आहे? बंदी असलेल्या संघटनेचा नेता बोलावतो तेव्हा त्याला काहीतरी पोचवायचं असतं. ते पत्रकाने पोचणारं असेल तर तुम्ही टपाल्या होता, पत्रकार नाही. वर्धापनदिन, 'शहीद सप्ताह', बंदचं आवाहन यांसाठी जंगल तुडवू नये.

जावं अशा वेळाही असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या केंद्रीय समितीचा प्रवक्ता 'अभय' याच्या नावाने तात्पुरती शस्त्रं खाली ठेवण्याची भाषा करणारं पत्रक बाहेर आलं. थोड्याच दिवसांत तेलंगणातल्या समितीच्या 'जगन'ने ते त्याचं वैयक्तिक मत असल्याचं सांगितलं. संघटना आतून फुटते आहे की खेळी करते आहे, हे पत्रकं चाळून कळत नाही. अशा वेळी समोरासमोर बसून विचारलेला प्रश्न मोलाचा असतो. दुसरी वेळ माणसाच्या जिवाची. एप्रिल २०२१ मध्ये छत्तीसगडमधल्या विजापूरच्या चकमकीनंतर माओवाद्यांच्या ताब्यात सापडलेला सीआरपीएफचा जवान राकेश्वरसिंह मनहास सुटला, तेव्हा मध्यस्थांच्या बरोबर बस्तरचे स्थानिक पत्रकार आत गेले होते. तिथे बातमी दुय्यम होती.

आपण नेमकं काय तपासायला जातो आहोत, हे एका वाक्यात लिहून संपादकासमोर ठेवा. वाक्य जमत नसेल तर निरोप्याला नमस्कार करा.

निरोप खरा आहे का

जानेवारी २००२. वॉल स्ट्रीट जर्नलचा डॅनियल पर्ल कराचीत एका धर्मगुरूला भेटण्याच्या प्रयत्नात होता. भेट घडवून देतो म्हणणारा 'बशीर' हा खरं तर ओमर शेख होता. पर्लशी त्याचं हसतखेळत ईमेलवर बोलणं चालू होतं. सार्वजनिक जागीच भेट, असा सावध सल्ला पर्लला मिळाला होता आणि ठरलेली जागा एक रेस्तराँच होती. २३ जानेवारीच्या संध्याकाळी तो तिथूनच नाहीसा झाला. जागा सार्वजनिक असून भागत नाही. तिथून पुढे कोणाच्या गाडीत बसायचं, हा निर्णय वेगळा असतो आणि तो आधीच घेतलेला असावा लागतो.

म्हणून निरोप दोन वेगवेगळ्या वाटांनी पक्का करा, आणि त्या दोन वाटा एकमेकींना ओळखत नसाव्यात. निरोप्याच्या मागे एखादा जुना, तपासलेला माणूस उभा आहे का? आधीच्या भेटीतली, फक्त समोरच्यालाच ठाऊक असलेली एखादी बारीक गोष्ट विचारून उत्तर मागवा. उत्तर यायला आठवडा लागला तरी चालेल. घाई करणारा निरोप्या हा सगळ्यात वाईट निरोप्या. "आज रात्रीच, नाहीतर कधीच नाही" असं म्हणतोय? मग कधीच नाही.

पोचल्यावरही शंका सोडू नये. न्यूयॉर्क टाइम्सच्या २०१८ च्या एका गाजलेल्या पॉडकास्ट मालिकेचा कणा होता कॅनडातला एक तरुण. आपण 'इस्लामिक स्टेट'साठी माणसं मारली, असं तो सांगत होता. २०२० मध्ये कॅनडाच्या पोलिसांनी त्याच्यावर खोटी कहाणी रचल्याचा गुन्हा नोंदवला. त्यानंतर वृत्तपत्राला आपली चूक मान्य करून मानाचा पीबडी पुरस्कार परत करावा लागला. तोंडावर रुमाल बांधून बसलेला माणूस तोच आहे, हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर असतं. टोपणनावं तर एकाची दुसऱ्याला जातात. 'अमुक दादा' म्हणून भेटलेला माणूस तीन वर्षांपूर्वीचाच अमुक दादा असेल, याची खात्री नाही.

वाटाड्या, दुभाष्या आणि तालुक्याचा वार्ताहर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाकी ठिकाणी याच भागाची एका ओळीत बोळवण होते.

मुंबई-दिल्लीहून येणारा पत्रकार ज्याला 'फिक्सर' म्हणतो, तो बहुतेक वेळा तालुक्याचा वार्ताहर असतो. मानधन तुटपुंजं, ओळखपत्र असेल-नसेल, विमा नाही. त्याचं दुकान असतं, शेती असते, पोरं आश्रमशाळेत असतात. विजापूर जिल्ह्यातल्या बासागुड्याचा वार्ताहर साई रेड्डी आठवा. २००८ मध्ये छत्तीसगडच्या विशेष जनसुरक्षा कायद्याखाली त्याला माओवाद्यांचा हस्तक ठरवून तुरुंगात टाकलं. डिसेंबर २०१३ मध्ये माओवाद्यांनीच त्याला मारलं. एका बाजूने डांबला, दुसरीने संपवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सुकमा जिल्ह्यात नेमीचंद जैन या वार्ताहराचा खून झाला होता. बस्तरमधल्या दरभ्याचा वार्ताहर संतोष यादव सप्टेंबर २०१५ मध्ये पकडला गेला, दीड वर्ष आत राहून सर्वोच्च न्यायालयाच्या जामिनावर सुटला आणि २०२० मध्ये निर्दोष ठरला. मधली वर्षं त्याला कोणी परत दिली नाहीत.

त्याला सोबत घेताना ठरवायच्या गोष्टी :

पैसे किती आणि कशासाठी, हे आधी आणि लेखी. "तुझं काहीतरी बघू" चालत नाही. पैसे वाट दाखवण्याचे आणि भाषांतराचे, भेट 'मिळवून देण्याचे' नाहीत. उद्या कोर्टात हा फरक कामाला येतो.

त्याला 'नको' म्हणायची खरीखुरी मोकळीक द्या. त्याने कारण सांगितलं नाही तरी विचारू नका. तो ज्या दिवशी "आज नको" म्हणतो, त्या दिवशी त्याने असं काहीतरी पाहिलेलं असतं जे तुम्हाला दिसलेलं नाही.

श्रेयाचं त्यालाच विचारा. कोणाला नाव हवं असतं, कोणाला ते अजिबात नको असतं. आपण मनाने ठरवू नये. एका पत्रकाराने उपकाराची फेड म्हणून लेखाच्या शेवटी वाटाड्याच्या गावाचे आभार मानले होते. छपाईआधी ती ओळ काढताना माझा हात थरथरत होता.

आणि भाषा. नेते बहुतेक तेलुगू बोलणारे, दलमची पोरं गोंडी-माडिया बोलणारी, तुमची मराठी-हिंदी. दुभाष्या मधे बसतो तेव्हा तो घाबरून प्रश्नाची धार बोथट करतो, हे गृहीत धरा. त्यात त्याचा दोष नाही, बंदूक त्याच्याही समोर आहे. कठीण प्रश्न आपण स्वतः हिंदीत विचारा, त्याच्या तोंडून नको. मूळ आवाज आणि भाषांतर दोन्ही रेकॉर्ड करा आणि परतल्यावर त्या भागाबाहेरच्या, भाषा येणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून पुन्हा भाषांतर करून घ्या.

कायद्याची पायरी वकिलासोबत चढा

पत्रकार म्हणून भेटणं, ऐकणं, छापणं हा आपोआप गुन्हा होत नाही. पण तो गुन्हा नव्हता हे सिद्ध करण्यात वर्षं जाऊ शकतात. भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) ही संघटना जून २००९ पासून बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे यूएपीएच्या यादीत आहे. या कायद्याचं ३९ वं कलम दहशतवादी संघटनेला पाठबळ देण्याबद्दल आहे. त्याचा गाभा आहे 'संघटनेचं काम पुढे नेण्याचा हेतू'. तुमचा हेतू बातमीचा होता, हे दाखवणारा कागद तुमच्याकडे हवा : संपादकाचं नेमणूकपत्र, प्रश्नांची तारीख घातलेली यादी, वर सांगितलेलं ते एक वाक्य, पोलिसांची बाजू मागणारा ईमेल.

आत जाताना काहीही नेऊन देऊ नका. औषधाची पट्टी नाही, बॅटऱ्या नाहीत, सिमकार्ड नाही, कोणाचं पत्र नाही. येताना कोणाचं काही आणू नका, आईला द्यायची चिठ्ठीसुद्धा नाही. हे कठोर वाटतं, आणि आहेच.

सूत्राचं नाव न सांगण्याचा हक्क आपल्याकडे सिनेमात दाखवतात तेवढा भक्कम नाही. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ चं १५ वं कलम सूत्र उघड करण्याची सक्ती करत नाही, पण ते कौन्सिलच्या स्वतःच्या कामकाजापुरतं. उलट यूएपीएच्या ४३ एफ कलमाखाली तपास अधिकारी, पोलिस अधीक्षकांच्या पूर्वमान्यतेने, कोणाकडूनही माहिती मागू शकतो आणि ती न देणं हा शिक्षेचा गुन्हा आहे. म्हणून साधा नियम : जे तुम्हाला माहीतच नाही ते तुमच्याकडून काढता येत नाही. वाटाड्याच्या नातेवाइकांची नावं, मधल्या मुक्कामाचं घर, कोणत्या ओढ्याला उतरलो, हे लक्षात ठेवायचा प्रयत्न करू नका. वहीत तर मुळीच लिहू नका.

टीव्हीवाल्यांसाठी आणखी एक. सप्टेंबर २०२३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सूचना काढली की गंभीर गुन्ह्यांचे, दहशतवादाचे आरोप असलेल्यांना आणि बंदी घातलेल्या संघटनांच्या माणसांना व्यासपीठ देऊ नये. महाराष्ट्रात जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्याचा मजकूर वकिलासोबत बसून वाचा, व्हॉट्सअॅपवरचा सारांश नव्हे.

ही भानगड आपल्याकडेच आहे असं समजू नये. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९८८ ते सप्टेंबर १९९४ या काळात उत्तर आयर्लंडमधल्या सिन फेन या पक्षाच्या नेत्यांचा आवाज टीव्ही-रेडिओवर ऐकवायला बंदी होती. वाहिन्यांनी युक्ती काढली : चित्र नेत्याचं, आवाज नटाचा. पडद्यावर सिन फेनचा नेता जेरी अॅडम्स याचे ओठ हलायचे आणि बोलायचा कोणी भाड्याने घेतलेला नट.

निघण्याआधी दफ्तराशी काय ठरवायचं

तीन माणसांना तुमच्या जाण्याची माहिती असावी : एक संपादक, एक वकील, घरचं एक. तिघांना सारखीच माहिती नको. घरच्यांना परतण्याचा दिवस, संपादकाला कुठून आत शिरणार ते गाव, वकिलाला बंद पाकिटात बाकीचं. परतायची वेळ टळली तर किती तासांनी कोण कोणाला फोन करेल, हे लिहून ठेवा. पहिला फोन पोलिसांना की मध्यस्थाला? हे तेव्हा ठरवायला बसलात तर दफ्तरात भांडणं होतात. आमच्याकडे झाली आहेत. माणूस दोन दिवस उशिराने, पाय सुजलेले घेऊन सुखरूप आला, पण तोपर्यंत तिघांनी तीन ठिकाणी फोन केलेले होते आणि त्यातल्या एका फोनमुळे त्याच्या वाटाड्याच्या दारात जीप उभी राहिली.

फक्त तुम्हालाच उत्तर ठाऊक आहे अशा दोन प्रश्नांची उत्तरंही पाकिटात ठेवा. अपहरण झालं तर तुम्ही जिवंत आहात हे तपासायला ती लागतात. लिहिताना अंगावर काटा येतो, तरी लिहा.

सामान

कपडे साधे, फिके. हिरवा, खाकी, लष्करी ठिपक्यांचा काहीही नको, टोपीसुद्धा. मोबाइल बाहेरच्या मुक्कामी ठेवा. आतले बहुधा तसंच सांगतात. सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय बाळगणं भारतात बेकायदा आहे आणि वेगळं जीपीएस यंत्र घेऊन जंगलात सापडलात तर दोन्ही बाजूंना तुम्ही एकच वाटाल : हेर. एक कॅमेरा, एक लेन्स, एक रेकॉर्डर, कोऱ्या मेमरी कार्डांची जोडी. कॅमेऱ्यात जुनं काही नको, पोलिस ठाण्यातल्या पत्रकार परिषदेचे फोटो तर नकोतच. मच्छरदाणी आणि डास पळवणारं मलम घ्या. गडचिरोली-बस्तरच्या जंगलात गोळीपेक्षा मलेरियाने आडवे झालेले पत्रकार मला जास्त माहीत आहेत.

आणि पोलिसांच्या तुकडीसोबत आत जाऊ नका. ऑक्टोबर २०१८ मध्ये दंतेवाड्यात नीलावायाजवळ दूरदर्शनचे कॅमेरामन अच्युतानंद साहू निवडणुकीच्या बातमीसाठी पोलिसांबरोबर मोटारसायकलवरून जात होते. हल्ल्यात दोन पोलिसांसोबत तेही गेले. गोळी झाडणाऱ्याला लांबून खांद्यावरचा कॅमेरा वेगळा ओळखू येत नाही.

कॅमेऱ्यावरचा विश्वास कोणी मोडला

पोचल्यावर तुमची झडती होईल. रागावू नका. त्यामागे इतिहास आहे.

९ सप्टेंबर २००१ ला अफगाणिस्तानच्या तखार प्रांतात तालिबानविरोधी सेनानी अहमदशाह मसूदसमोर दोन 'पत्रकार' बसले. हातात लंडनच्या एका संस्थेचं शिफारसपत्र होतं आणि भेटीसाठी त्यांनी कित्येक दिवस वाट पाहिली होती. मुलाखतीच्या साहित्यात दडवलेला बॉम्ब फुटला, मसूद गेला. सप्टेंबर २००९ मध्ये पश्चिम बंगालच्या लालगढमध्ये तिथल्या आंदोलनाचा नेता छत्रधर महातो याला पोलिसांनी पत्रकार बनून जाऊन पकडलं. जुलै २००८ मध्ये कोलंबियाच्या सैन्याने फार्क या बंडखोर संघटनेच्या कैदेतल्या पंधरा जणांना सोडवलं, त्या तुकडीत खोटा वार्ताहर होता आणि खोटा कॅमेरामनही. ओलीस सुटले याचा आनंदच आहे. पण त्यानंतर त्या जंगलात खरा कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला काय वाटलं असेल?

म्हणून पिशवी स्वतः उघडा. एकेक वस्तू काढून दाखवा, कॅमेऱ्यातून आधी जमिनीचा एक फोटो काढून दाखवा. बॅटरी बदलायची असेल तर बोलून, सावकाश. खिशात हात घालतानाही सांगा. १९९७ मध्ये सीएनएनचे पीटर आर्नेट आणि पीटर बर्गन ओसामा बिन लादेनला भेटायला गेले, तेव्हा त्यांना स्वतःचा कॅमेरा वापरूच दिला नाही. अशी अट आली तर मान्य करायची की नाही हे तुमच्यावर आहे. मात्र मान्य केलीत तर वाचकाला सांगायचं, आणि मूळ चित्रण पूर्ण मिळालं का हेही सांगायचं.

फोटो

परवानगी एकदाच घेऊन भागत नाही. बसण्याआधी ठरवा : नेत्याचा चेहरा हवा की नको, साथीदारांचं काय, पाठीमागचं काय. 'नंतर धूसर करू' हे आश्वासन देऊ नका. मूळ फाइलमध्ये चेहरा राहतो, आणि कार्ड नाक्यावर जप्त झालं की तुमचं धूसर करणं राहून जातं. जो चेहरा छापायचा नाही तो टिपायचाच नाही. हात, पाठ, सावली, पातेल्यावर वाकलेली आकृती, प्लास्टिकच्या झिल्लीच्या तंबूवर पडलेला उजेड, यांतूनही माणूस दिसतो. २००९ मध्ये लालगढच्या दिवसांत माओवादी नेता किशनजी कॅमेऱ्याकडे पाठ करून, डोक्या-खांद्यावर गमछा घेऊन बोलायचा. चेहरा न दाखवता ती पाठच देशभर ओळखीची झाली होती.

दलममधली पोरं-पोरी दिसायला सोळाची वाटली तर वय विचारा आणि फोटो काढू नका. उद्या त्यातली एखादी पळून घरी आली तर तिच्या आयुष्यात तुमचा फोटो आडवा येईल. गावकऱ्यांचे तर नकोच. भात वाढणारी बाई, पाणी आणणारा म्हातारा, यांच्यासाठी तो फोटो म्हणजे 'जेवण घातलं' याचा पुरावा आहे. जेवण बंदुकीसमोर घातलं होतं की मर्जीने, हे फोटोत दिसत नाही.

पार्श्वभूमी बघा. डोंगराची कड, शाळेची भिंत, हातपंपावरचा क्रमांक, यांवरून जागा सापडते. आणि फाइलमध्ये दडलेली माहिती. डिसेंबर २०१२ मध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधून पळालेल्या, अँटीव्हायरसवाल्या जॉन मॅकअफीचा फोटो एका मासिकाने मोबाइलवर काढून तसाच्या तसा टाकला. फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश होते. तो ग्वाटेमालात आहे हे जगाला लगेच कळलं. कॅमेऱ्याचं स्थानदर्शन निघण्याआधीच बंद करा.

बंदूक हातात घेऊ नका, गमतीनेही नाही. त्यांच्यासोबत रांगेत उभं राहून फोटो नको. ते हौसेने म्हणतात, "एक आमच्यासोबत." हसून नकार द्या. तो फोटो त्यांच्या कार्डात राहतो, आणि ते कार्ड चकमकीनंतर पोलिसांच्या टेबलावर येतं. जुलै २०१० मध्ये आदिलाबादच्या जंगलात माओवादी नेता आझादसोबत हेमचंद्र पांडे मारला गेला. घरच्यांनी सांगितलं तो पत्रकार होता, पोलिस म्हणाले माओवादी होता. मेल्यावर कोणीही आपलं म्हणणं मांडायला उरत नाही.

सजवलेले देखावे, म्हणजे संचलन, नेम धरणं, गाणी, हे त्यांनी तुमच्यासाठी मांडलेले असतात. टिपा, पण फोटोखालच्या ओळीत 'छायाचित्रकारासाठी केलेलं' असं छापा. त्यापेक्षा झाडाखाली बूट काढून पाय शेकणारा पहारेकरी जास्त काही सांगतो.

प्रश्न

अटी आधी विचारून घ्या आणि रेकॉर्डवर घ्या. प्रश्नांचे विषय सांगायला हरकत नाही, प्रश्न देऊ नयेत. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीच्या जॉन मिलरला १९९८ मध्ये बिन लादेनसमोर बसवलं, पण उत्तरांचं भाषांतर तिथल्या तिथे करणार नाही असं सांगितलं गेलं. तो प्रश्न विचारायचा, उत्तर त्याच्या कानावरून जायचं आणि पुढचा प्रश्न यादीतला. उलटा प्रश्न विचारता येत नसेल तर ती मुलाखत नाही, भाषण आहे. ही अट आली तर मी उठून येईन.

सैद्धांतिक प्रश्नाने सुरुवात केलीत की अर्धा तास गेला. नाव, तारीख, गाव घेऊन विचारा. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला सुरुंग फुटला, पंधरा पोलिस गेले आणि खाजगी गाडीचा चालकही गेला. विचारा : तो चालक कोणत्या वर्गाचा शत्रू होता? त्याच्या घरी तुम्ही काय कळवलंत? 'खबऱ्या' म्हणून मारलेल्या एखाद्या पोलिस पाटलाचं नाव घ्या आणि पुरावा काय होता ते विचारा. नेता गप्प झाला तर ती शांतता मोजा आणि लिहा. त्याच्या बाजूचेही नेमके प्रश्न असतात, तेही विचारा. २२ एप्रिल २०१८ च्या कसनसूर-बोरियाच्या चकमकीत आणि नंतर इंद्रावतीत सापडलेले मृतदेह मिळून आकडा तिसाच्या पुढे गेला. त्यात कोण कोण होतं, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे काय घडलं, हे ऐकून घ्या आणि परत येऊन तपासा.

सगळ्यात धारदार प्रश्न शेवटून दुसरा ठेवा. शेवटचा नको. निघताना वातावरण तापलेलं असू नये.

हल्ल्याचा पुढचा बेत कानावर पडेल असं काही विचारू नका. तो सांगायला लागला तर थांबवा. ते ज्ञान घेऊन तुम्हाला जंगलाबाहेर यायचं आहे, आणि एकदा ते कळल्यावर तुम्ही नुसते पत्रकार उरत नाही.

परत आल्यावर

आलात की झोपायच्या आधी कार्डाच्या दोन प्रती करा. एक वकिलाकडे. मूळ फाइलला हात लावू नका आणि तिचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा आकडी ठसा, नोंदवून ठेवा. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालच्या प्रमाणपत्रात ते लागतं. उद्या कोणी मुलाखत बनावट म्हटलं, किंवा तुमच्या तोंडी नसलेलं वाक्य घातलं, तर हाच आधार.

मग पडताळणी. नेत्याने सांगितलेली प्रत्येक घटना दुसऱ्या तोंडून. पोलिसांची बाजू, मेलेल्यांच्या घरच्यांची बाजू. हे न करता 'एक्स्क्लुझिव्ह' म्हणून टाकलेली मुलाखत म्हणजे पत्रकच, फक्त फोटोसह. मजकूर त्याला आधी दाखवायचा नाही. हॉलिवूडचा नट शॉन पेन याने २०१५ मध्ये मेक्सिकोच्या एल चापोला भेटून लिहिलेला लेख छापण्याआधी मंजुरीसाठी पाठवला होता. चापो तस्कर होता, बंडखोर नव्हता, पण चूक तीच. लेख काय होता हे आज कोणाला आठवत नाही, मंजुरी आठवते.

छापायला थांबा. भेटीनंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, तोवर तळ हललेला असतो आणि वाटाड्याचं त्या दिवशीचं गावाबाहेर असणं लोकांच्या नजरेतून गेलेलं असतं. भेटीची तारीख, किती तास चाललो, नदी ओलांडली का, असले रंगतदार तपशील गाळा. मोह होतो, मला माहीत आहे. पण 'चार तास चालून, दोन नाले ओलांडून' हे वाक्य तपास अधिकारी नकाशा उघडून वाचतो.

परिणामांची तयारी असू द्या. २००५ मध्ये एबीसीने चेचेन नेता शामिल बसायेवची मुलाखत दाखवली, तेव्हा रशियाने त्या वाहिनीच्या बातमीदारांची मान्यता पुढे न देण्याचं जाहीर केलं. आणि धोका नेहमी जंगलातूनच येतो असं नाही. मनहास या जवानाला सोडवायला आत गेलेल्या पत्रकारांत विजापूरचा मुकेश चंद्राकर होता. जंगलातून तो सुखरूप आला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा मृतदेह गावातल्याच सेप्टिक टाकीत मिळाला. त्याने रस्त्याच्या कामातला गैरव्यवहार दाखवला होता, आरोपी आहे ठेकेदार.

नेता शरण आल्यावर

गडचिरोलीत आता हेच जास्त घडतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये किशनजीचा धाकटा भाऊ मल्लोजुला वेणुगोपाल राव, ऊर्फ भूपती, साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. पत्रकांवरचा 'अभय' तो हाच. आता जंगल नाही, झडती नाही, समोर माणूस बसलेला. मुलाखत सोपी वाटते.

ती जास्त अवघड आहे. खोलीत कोण होतं? दार बंद होतं का? प्रश्न कोणी आधी पाहिले? त्याच्यावरचे खटले चालू आहेत का, म्हणजे त्याचं कोणतं उत्तर त्याच्याच विरुद्ध जाईल? हे सगळं मुलाखतीच्या पहिल्या परिच्छेदात लिहा. आधी तो बंदुकीमागून बोलत होता, आता बंदुकीसमोरून बोलतो आहे. दोन्ही वेळा वाचकाला बंदूक दिसायला हवी. आणि जुन्या साथीदारांची, त्यांना जेवू घालणाऱ्या गावांची नावं तो मोकळेपणाने सांगायला लागला, तर ती छापायची घाई करू नका. शरण तो आलाय, ती गावं जिथल्या तिथे आहेत.

महिन्याभराने

मुलाखत छापून आली, दिल्लीतून फोन आले, कोणीतरी पुरस्कारासाठी पाठव म्हणालं. आता पुन्हा त्या बाजाराला जा. फोन करू नका, जा. दुसऱ्याच कुठल्या बातमीचं निमित्त असू द्या : तेंदूपत्त्याचा भाव, पुलाचं अर्धवट काम, काहीही. तो पोरगा दिसतो का बघा. तोंडभर खर्रा कोंबून लांबूनच मान हलवली तर ठीक आहे, जवळ जाऊ नका. नाहीच दिसला, तर त्याच्या घरी नको, आधी वकिलाकडे.